पोटात सांडलेले पित्तखडे आणि ते काढण्याची अरुंद वाट

पित्ताशय दुर्बिणीतून काढताना त्याची भिंत फाटली, की आतले पित्त आणि खडे उदरपोकळीत सांडतात. पित्त शोषून घेता येते. खडे मात्र यकृताखाली, आतड्यांच्या वेटोळ्यांत, चरबीच्या पडद्याच्या घड्यांत जाऊन बसतात आणि सगळे वेचले असे वाटले तरी एखादा मागे राहू शकतो. बहुतेक रुग्णांना त्याचा कधीच त्रास होत नाही. थोड्यांच्या बाबतीत काही महिन्यांनी, क्वचित कित्येक वर्षांनी, त्या खड्याभोवती पू धरतो. पोट पुन्हा न उघडता, त्वचेतून केलेल्या सुमारे एक सेंटिमीटर रुंदीच्या वाटेने असा खडा काढता येतो. या उपचारात अवजारांइतकेच महत्त्व योग्य वेळ येईपर्यंत थांबण्याला आहे, आणि त्याहूनही आधी खडा आत आहे हे कुणाच्या तरी लक्षात येण्याला.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 15 जुलै 1882 रोजी केली. त्यानंतर शंभर वर्षे ही शस्त्रक्रिया उजव्या बरगड्यांखाली मोठा छेद घेऊन होत राहिली. त्या काळातही पित्ताशय फाटत असे. पण भोवती कापडाच्या घड्या भरलेल्या असत आणि शल्यचिकित्सकाचा हात पोटात असे, त्यामुळे निसटलेला खडा बोटांना लागत असे. 12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीतील बोब्लिंगेन येथे एरिख म्यूहे यांनी पित्ताशय प्रथमच दुर्बिणीतून काढले. 1987 मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे फिलिप मुरे यांनी ही शस्त्रक्रिया केली आणि तिथून ती झपाट्याने पसरली. भारतात ती 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. पोटाच्या निदानासाठी दुर्बीण वापरण्याचे काम ते 1972 पासूनच करत होते. काही वर्षांतच मोठ्या छेदाची शस्त्रक्रिया अपवादापुरती उरली.

रुग्णाचा यात फार मोठा फायदा झाला. वेदना कमी झाल्या, रुग्णालयातला मुक्काम एकदोन दिवसांवर आला आणि माणसे लवकर कामावर परतू लागली. हात मात्र पोटाबाहेर राहिला. कॅमेऱ्यासमोर जेवढे येते तेवढेच दिसते, आणि लांब चिमट्याच्या टोकाला बोटाइतका स्पर्श नसतो. सुजून ताणलेले पित्ताशय चिमट्यात धरताना फाटते, यकृतापासून विद्युत्‌उपकरणाने सोडवताना त्याला भोक पडते, किंवा शेवटी बेंबीजवळच्या लहानशा छिद्रातून ओढताना त्याच्या चिंधड्या होतात. वेगवेगळ्या अहवालांत पित्ताशय फुटण्याचे प्रमाण 10 ते 40 टक्के इतके दिलेले आढळते. दरवेळी खडे सांडतातच असे नाही, सांडले तरी बहुतेक वेळा ते वेचले जातात, आणि जे राहतात त्यांतले थोडेच पुढे उपद्रव करतात. एकूण शस्त्रक्रियांच्या हिशेबाने गंभीर त्रासाचे प्रमाण एक टक्क्याहून बरेच कमी भरते. पण एकट्या अमेरिकेत दरवर्षी सात लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पित्ताशये काढली जातात. एवढ्या मोठ्या संख्येतला छोटा हिस्साही पुष्कळ माणसांचा असतो.

पित्ताशय फुटले की पहिले काम ते भोक चिमट्याने, क्लिपने किंवा दोऱ्याच्या फासाने बंद करण्याचे. मग सांडलेले खडे दिसतील तसे उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकतात. ही पिशवी आधीच पोटात सोडून खड्यांच्या जवळ उघडून ठेवली तर प्रत्येक खड्यासाठी चिमटा आतबाहेर करावा लागत नाही. बारीक खडे रुंद तोंडाच्या शोषनळीने ओढून घेतात. कोमट सलाइनने पोट धुणे आवश्यक असते, पण खडे उचलण्याआधी जोराने पाणी सोडले तर तेच खडे उजव्या बाजूच्या खोलगट पन्हळीतून थेट ओटीपोटापर्यंत वाहून जातात. म्हणून आधी वेचणे आणि मग धुणे हा क्रम सांभाळावा लागतो. केवळ राहिलेल्या खड्यांसाठी पोट उघडावे, असे आज कोणी सहसा सांगत नाही. उघडण्याचा त्रास निश्चित आणि खड्याचा त्रास केवळ संभाव्य असताना तो सौदा रुग्णाच्या हिताचा नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सुरुवातीच्या वर्षांत सांडलेले खडे निरुपद्रवी असतात, असा समज होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी त्याला काही अंशी दुजोराही दिला. निर्जंतुक खडा पोटात ठेवला तर भोवती चिकटपणा आणि तंतुमय आवरण तयार होते, पण पू क्वचितच होतो. खड्याबरोबर जंतूंनी भरलेले पित्त सोडले की मात्र चित्र बदलते. माणसांतला अनुभव हेच सांगतो. पित्ताशयाला तीव्र सूज असताना केलेली शस्त्रक्रिया, दीड सेंटिमीटरहून मोठा खडा, पंधराहून अधिक खडे, रंगद्रव्याचे खडे आणि रुग्णाचे वाढलेले वय या गोष्टी धोका वाढवतात. रंगद्रव्याच्या खड्यांतही दोन जाती आहेत. तपकिरी खडे जंतूंच्या संसर्गातूनच जन्मतात आणि त्यांच्या अंतरंगात जंतू घर करून असतात. काळे खडे अनेकदा तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्याने बनतात. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या ज्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे, तिथे हे काळे खडे तरुण वयातच होतात. ते सुरुवातीला बहुधा निर्जंतुक असतात, पण बारीक, पुष्कळ आणि ठिसूळ असल्याने सांडले की सगळे वेचणे जिकिरीचे होते.

शरीर खड्याला परकी वस्तू समजते. चरबीचा पडदा त्याला गुंडाळतो, पेशींची गाठ बनते आणि जंतू नसतील तर प्रकरण तिथेच मिटते. जंतू असतील तर गाठीच्या मध्यभागी पू साचतो. सर्वांत जास्त गळवे यकृताच्या खाली, यकृत आणि उजवे मूत्रपिंड यांच्यामधल्या खाचेत, तसेच यकृत आणि श्वासपटल यांच्यामध्ये होतात, कारण उताण्या रुग्णात उजव्या वरच्या पोटाचा सर्वांत खोल भाग म्हणजे मूत्रपिंडालगतची ही खाच. पित्ताशय बाहेर काढताना फाटले असेल तर खडा पोटाच्या भिंतीतच, छिद्राच्या वाटेत अडकतो आणि बेंबीजवळ किंवा छातीच्या हाडाखाली न भरणारी वाहती जखम होते. खडे ओटीपोटात उतरून बीजांडकोशाला चिकटल्याचे, हर्नियाच्या पिशवीत सापडल्याचे आणि पाठीमागच्या स्नायूंपर्यंत गळू पोचल्याचे दाखले आहेत. श्वासपटल झिजवून खडा छातीत शिरतो तेव्हा फुफ्फुसाच्या आवरणात पू होतो. काही रुग्णांनी तर असा खडा खोकल्यातून बाहेर टाकल्याचे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे, आणि काहींचा त्रास तेवढ्यानेच संपला.

निदानाची खरी अडचण मधल्या काळाची आहे. त्रास बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षाच्या आसपास सुरू होतो, पण दहा किंवा वीस वर्षांनी सुरू झाल्याच्याही नोंदी आहेत. तोवर शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय वेगळे, तपासणारे डॉक्टर वेगळे, आणि रुग्णाच्या मनातून ती शस्त्रक्रिया केव्हाच मागे पडलेली. लक्षणेही नेमकी नसतात. बारीक ताप, उजव्या कुशीत किंवा पाठीत दुखणे, वजन घटणे, भूक मंदावणे एवढेच. भारतात अशा चित्राला पहिले नाव क्षयाचे दिले जाते आणि ते स्वाभाविकही आहे, कारण पोटाचा क्षय येथे सर्रास आढळतो. गाठीचा तुकडा तपासला तर त्यातही पेशींचे पुंजके दिसतात आणि संशय पक्का वाटू लागतो. मात्र परक्या वस्तूभोवतीच्या पुंजक्यांत क्षयातले चीजसारखे कुजणे नसते, आणि पित्ताचे रंगद्रव्य किंवा कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांनी सोडलेल्या चिरा दिसल्या तर उत्तर हाती येते. दुर्बिणीच्या छिद्राच्या जागी वाहणारी जखम असेल तर आणखी एक शक्यता असते. नीट निर्जंतुक न केलेल्या अवजारांमधून येणारे, क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद असलेले जंतूही तिथे ठाण मांडतात. तेव्हा पुवाची जंतुतपासणी करणे आणि आत खडा आहे का हे पाहणे, दोन्ही हवे. उदरावरणावर विखुरलेल्या अनेक गाठी स्कॅनमध्ये दिसल्या की कर्करोग पसरल्याचाही भास होतो; पेट स्कॅनमध्येही सुजेच्या गाठी कर्करोगासारख्याच उजळतात.

सोनोग्राफीत गळवाच्या आत चमकणारा ठिपका आणि त्याच्यामागे पडलेली काळी सावली दिसली तर खड्याचा विचार लगेच व्हायला हवा. साध्या एक्स-रेमध्ये पित्तखड्यांपैकी जेमतेम 10 ते 20 टक्केच दिसतात, कारण उरलेल्यांत कॅल्शियम पुरेसे नसते. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचे कवच असलेला खडा स्पष्ट दिसतो, पण शुद्ध कोलेस्टेरॉलचा खडा भोवतालच्या द्रवात मिसळून जातो. शस्त्रक्रियेत वापरलेल्या धातूच्या क्लिपा आणि खडे यांत गल्लत होऊ नये म्हणून क्लिपांच्या जागाही पाहून घ्याव्या लागतात. एमआरआयमध्ये पांढऱ्या पुवात खडा काळ्या पोकळीसारखा उठून दिसतो, आणि सीटीने चकवलेला खडा अनेकदा इथे सापडतो.

या सगळ्या यंत्रांहून उपयोगी ठरते ती शस्त्रक्रियेच्या टिपणातली एक ओळ. पित्ताशय फुटले, खडे सांडले, अंदाजे इतके वेचले, काही राहिले असण्याची शक्यता आहे, असे जिथे लिहिलेले असते तिथे निदान काही दिवसांत होते. जिथे ते नसते तिथे रुग्ण महिनोन्‌महिने निरनिराळी औषधे घेत राहतो. पित्ताशय फुटणे हा हलगर्जीपणा नव्हे. सुजलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयात ते अत्यंत कुशल हातांकडूनही घडते. ते न लिहिणे आणि रुग्णाला न सांगणे मात्र चूक आहे. डिस्चार्ज कार्डावर ही नोंद साध्या मराठीत असावी, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांसमोर ती रुग्णच ठेवू शकेल.

गळू सापडले की नेहमीचा उपचार म्हणजे सोनोग्राफी किंवा सीटीच्या मार्गदर्शनाने सुई घालून नळी बसवणे आणि प्रतिजैविके देणे. आतड्याच्या किंवा यकृताच्या साध्या गळवात एवढे पुरते. इथे पुरत नाही. नळी असेपर्यंत ताप उतरतो, पू आटतो, रुग्ण बरा दिसतो. नळी काढल्यावर काही आठवड्यांनी तेच गळू त्याच जागी परत भरते. खड्याच्या खडबडीत पृष्ठभागावर आणि भेगांत जंतूंचा चिकट थर बसलेला असतो. रक्तातून येणारे औषध तिथपर्यंत पोचत नाही आणि शरीराच्या संरक्षक पेशीही पोचत नाहीत. नळीच्या छिद्रातून पू वाहून जातो, खडा जात नाही. पुन्हा पुन्हा भरणाऱ्या गळवाच्या रुग्णाने कधीकाळी पित्ताशय काढलेले असेल तर आत खडा आहे असे गृहीत धरूनच पुढे जावे, इतका हा अनुभव सार्वत्रिक आहे. खडा आत आहे तोवर रोग बरा होत नाही.

खडा त्वचेतून बाहेर काढण्याची कल्पना मुळात दुसऱ्याच राहिलेल्या खड्यांसाठी निघाली. पोट उघडून पित्तनलिका साफ केल्यानंतरही काही टक्के रुग्णांत एखादा खडा नलिकेत मागे राहत असे. शस्त्रक्रियेच्या वेळीच नलिकेत औषध भरून एक्स-रे घेण्याची पद्धत अर्जेंटिनातील पाब्लो मिरिझ्झी यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. तिने हे प्रमाण कमी झाले, पण संपले नाही. नलिका उघडल्यावर तिच्यात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी ठेवून तिचे टोक पोटाबाहेर काढत. जर्मन शल्यचिकित्सक हान्स केर यांच्या नावाने ती ओळखली जाते. ही नळी चारपाच आठवडे राहिली की तिच्याभोवती तंतुमय भिंतीचा पक्का बोगदा तयार होतो, आणि नळी काढली तरी तो काही काळ उघडा राहतो. या बोगद्यातूनच अवजार आत घालून खडा ओढून काढण्याचे काम अर्जेंटिनात 1960 च्या दशकात मोंदेत यांनी सुरू केले आणि ब्युनॉस आयर्समध्ये मात्सारिएल्लो यांनी वाकणारे चिमटे वापरून वाढवले. 1973 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील क्ष-किरणतज्ज्ञ योआखिम बुऱ्हेने यांनी टोक हवे तिकडे वळवता येणारी नळी आणि तारांची टोपली यांची जोड दिली. ही टोपली इटलीतील मूत्ररोगतज्ज्ञ एन्रिको डोर्मिया यांनी मूत्रवाहिनीतल्या खड्यांसाठी बनवलेली होती. 1980 मध्ये बुऱ्हेने यांनी 661 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात 95 टक्के रुग्णांचे खडे निघाले होते आणि एकही मृत्यू नव्हता. पुन्हा नलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियेशी तुलना केली तर हा निकाल विलक्षण होता.

1974 मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेचे आतड्यातले तोंड उघडण्याची पद्धत निघाली. नलिकेतल्या खड्यांसाठी आज तीच पहिली निवड आहे आणि बुऱ्हेने यांचा मार्ग मागे पडला. उदरपोकळीत सांडलेल्या खड्यापर्यंत मात्र तोंडातून जाणारी दुर्बीण पोचू शकत नाही. तिथे पक्क्या बोगद्याची तीच जुनी कल्पना पुन्हा कामी आली. तिला दुसरा आधार मिळाला मूतखड्यांच्या उपचाराचा. 1976 मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत मुद्दाम वाट करून खडा काढला होता. त्या शस्त्रक्रियेतली वाट रुंद करणारी साधने, आवरणनळ्या आणि मूत्रपिंडात पाहण्याची कठीण दुर्बीण ही सगळी सामग्री आता पित्तखड्यांसाठी वापरली जाते.

उपचाराची सुरुवात नकाशापासून होते. सीटीवर गळू, खडा, मोठे आतडे, यकृत आणि फुफ्फुसाचे आवरण यांच्या जागा पाहून त्वचेवरचा बिंदू ठरवतात. वाट खड्याच्या सरळ रेषेत असावी, कारण पुढे जाणारी दुर्बीण कठीण असते आणि ती वळत नाही. यकृताच्या वरच्या बाजूला असलेल्या गळवात फुफ्फुसाच्या आवरणाची सीमा निर्णायक ठरते. हे आवरण समोरच्या बाजूला आठव्या बरगडीपर्यंत, कुशीच्या मध्यरेषेवर दहाव्या बरगडीपर्यंत आणि पाठीच्या कण्याजवळ बाराव्या बरगडीपर्यंत खाली आलेले असते. त्याच्या वरून सुई घातली तर पोटातला पू छातीत जाण्याची वाट आपणच करून देतो. म्हणून शक्य तिथे बरगड्यांच्या खालून, तिरप्या कोनाने वर जातात.

रक्त गोठण्याची तपासणी पाहून, प्रतिजैविक सुरू करून आणि त्वचा बधिर करून सुई गळवात नेतात. तिच्यातून मार्गदर्शक तार सोडून सुई काढतात आणि तारेवरून नळी सरकवतात. स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये रक्तवाहिन्यांसाठी मांडलेली ही युक्ती आज त्वचेतून होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपचाराच्या मुळाशी आहे. नळीची जाडी फ्रेंच एककात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. पहिली नळी साधारण 10 ते 14 फ्रेंचची असते आणि तिच्या टोकाला वेटोळे असल्याने ती निसटत नाही. पुवाचा नमुना जंतुतपासणीला जातो. त्यात बहुधा आतड्यात राहणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला किंवा एन्टरोकोकस सापडतात आणि प्रतिजैविक त्यानुसार बदलतात.

यानंतरचे दोन ते चार आठवडे घाई करायची नाही, आणि संपूर्ण उपचाराचे यश इथेच ठरते. या काळात पू निथळतो, गळू आकसते, ताप जातो आणि नळीभोवतीची वाट घट्ट होते. कच्च्या वाटेतून अवजारे घातली तर ती वाट सोडून मोकळ्या उदरपोकळीत शिरतात आणि एका कोपऱ्यात बंदिस्त असलेला संसर्ग सगळ्या पोटात पसरतो. रुग्ण घरी राहू शकतो. नळी दिवसातून एकदोनदा थोड्या सलाइनने धुवायची आणि किती स्राव येतो ते लिहून ठेवायचे, एवढेच काम असते. मधुमेह असलेल्यांत किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांत वाट पक्की व्हायला जास्त वेळ लागतो. स्राव थोडक्यावर आला की नळीतून क्ष-किरणात दिसणारे औषध सोडून चित्र घेतात. औषधाने भरलेल्या पोकळीत खडे रिकाम्या जागांसारखे दिसतात, त्यांची संख्या कळते, आणि पोकळीचा आतड्याशी किंवा पित्तनलिकेशी संबंध आहे का हेही समजते. तसा संबंध असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

दुसऱ्या टप्प्यात नळीतून जाड, न वाकणारी तार आत नेतात आणि शेजारी एक राखीव तारही ठेवतात, म्हणजे मुख्य तार निसटली तरी वाट हरवत नाही. मग एकाहून एक जाड विस्फारक किंवा फुगा वापरून वाट 24 ते 30 फ्रेंचपर्यंत, म्हणजे 8 ते 10 मिलिमीटरपर्यंत रुंद करतात आणि तिच्यात आवरणनळी बसवतात. हे रुंद करणेच सर्वांत दुखते. लहान कामाला स्थानिक भूल आणि गुंगीचे औषध पुरते. मोठ्या विस्फारणासाठी पाठीच्या कण्यातून दिलेली किंवा पूर्ण भूल रुग्णाच्या दृष्टीने जास्त दयाळूपणाची ठरते. खडा लहान आणि मोकळा असेल तर क्ष-किरण पडद्यावर पाहत टोपलीत पकडून काढता येतो. तो भिंतीत रुतलेला असेल किंवा क्ष-किरणात दिसतच नसेल, तर दुर्बिणीने प्रत्यक्ष पाहून चिमट्याने सोडवावा लागतो. दुर्बिणीतून सलाइन सतत वाहत असते. आवरणनळी पुरेशी रुंद असेल तर हे पाणी सहज परत बाहेर येते. ती अरुंद असेल तर आतला दाब वाढतो, जंतू रक्तात ढकलले जातात आणि काही तासांत रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो.

मोठा खडा फोडावा की अखंड काढावा, यावर मतभेद आहेत. लेसर, ध्वनिलहरी किंवा हवेच्या दाबाचा हातोडा यांनी खडा सहज फुटतो, आणि मूतखड्यात तेच करतात. पण मूत्रपिंडाच्या पोकळीत उरलेली भुकटी लघवीवाटे निघून जाते. गळवाच्या पोकळीतली भुकटी कुठेच जात नाही, आणि तिचा प्रत्येक कण नव्या गळवाचे बीज होऊ शकतो. म्हणून शक्य तोवर वाट थोडी आणखी रुंद करून खडा अखंड बाहेर आणणे आणि फोडावाच लागला तर मोठ्या तुकड्यांत फोडून प्रत्येक तुकडा उचलणे हेच श्रेयस्कर. शेवटी पोकळीचा कोपरान्‌कोपरा पाहून पुन्हा नळी ठेवतात. सगळे खडे एका बैठकीत निघालेच पाहिजेत असे नाही. रक्तस्राव सुरू झाला आणि दिसेनासे झाले तर थांबावे आणि आठवड्याभराने त्याच वाटेने परत जावे. वाट तयार असल्याने दुसरी बैठक सोपी जाते.

धोके कमी असले तरी खरे आहेत. विस्फारणात यकृतातून किंवा बरगडीखालच्या धमनीतून रक्तस्राव होऊ शकतो. फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडले तर छातीत हवा किंवा पू साचतो. वाटेत आलेले मोठे आतडे टोचले जाऊ शकते. सर्वांत नेहमीचे अपयश मात्र साधेच असते, ते म्हणजे एखादा खडा राहून जाणे. म्हणून नळी काढण्याआधी पुन्हा सीटी किंवा नळीतून औषधाचे चित्र घेतात आणि आधीच्या चित्रातला प्रत्येक खडा बाहेर आला का हे एकेक करून जुळवतात. स्राव पूर्ण थांबून पोकळी मिटली की नळी निघते, आणि त्यानंतर काही महिने ताप किंवा दुखणे परत येत नाही ना, यावर लक्ष ठेवतात.

हा मार्ग सर्वांना लागू नाही. खडे चारपाच वेगळ्या जागी विखुरलेले असतील, पू नसून घट्ट गाठ असेल, किंवा समोर आतड्यांची भिंत असेल तर पुन्हा पोटात दुर्बीण घालून, म्हणजे लॅपरोस्कोपी करून, ती गाठच काढावी लागते. पोटाच्या भिंतीतला खडा स्थानिक भुलीखाली लहान छेद देऊन निघतो. त्यासाठी एवढा खटाटोप करू नये. छातीत शिरलेल्या खड्यासाठी छातीची दुर्बीण लागते. पोट उघडण्याची शस्त्रक्रिया आजही कधीकधी करावी लागते आणि ती करण्यात कमीपणा नाही. त्वचेतून जाण्याचा मार्ग वृद्ध, हृदयाचे किंवा फुफ्फुसाचे आजार असलेल्या, पूर्ण भूल न झेपणाऱ्या रुग्णांना सर्वांत मोलाचा आहे, आणि सांडलेल्या खड्यांनी आजारी पडणाऱ्यांत असे रुग्ण पुष्कळ असतात.

पित्ताशयाखेरीज आणखी एक अवयव असेच खडे मागे ठेवतो. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढण्याची सुरुवात 1980 मध्ये जर्मनीतील कील येथे कुर्ट सेम यांनी केली. सुजलेले अपेंडिक्स फुटते तेव्हा त्यातला वाळलेल्या मळाचा, कॅल्शियम साचलेला खडा निसटून ओटीपोटात किंवा यकृताखाली जातो. तो जंतूंनी पूर्ण भरलेला असल्याने फार काळ गप्प बसत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गळू होते. सुदैवाने कॅल्शियममुळे तो सीटीत सहज दिसतो. इथेही नुसती नळी पुरत नाही. लहान खडा वर सांगितलेल्या मार्गाने निघतो, पण ओटीपोटातल्या खोल जागी आतडी आणि मोठ्या रक्तवाहिन्या वाटेत येत असल्याने लॅपरोस्कोपीचा आधार अधिक वेळा घ्यावा लागतो. हे रुग्ण बहुधा मुले आणि तरुण असतात आणि त्यांना भूल सहज मानवते.

राहतो तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडलेल्या खड्याचा प्रश्न. पित्ताशय काढून पाच वर्षे झालेल्या, कसलाही त्रास नसलेल्या माणसाच्या यकृताखाली खडा दिसला तर तो काढण्यासाठी काहीही करू नये. शरीराने त्याला आवरण घालून बंद केलेले असते आणि ते आवरण फोडणे हाच त्यातला सर्वांत मोठा धोका. रुग्णाला खडा दाखवावा, तो कुठे आहे हे कागदावर लिहून द्यावे आणि उजव्या कुशीत दुखणे, रेंगाळणारा ताप किंवा जुन्या छिद्राच्या जागी सूज आली तर तो कागद घेऊन यायला सांगावे. खडा ओटीपोटात बीजांडकोशाजवळ असेल आणि स्त्रीला सतत दुखत असेल किंवा गर्भधारणेत अडथळा येत असेल, तर दुसरे कारण न सापडल्यास लॅपरोस्कोपीचा विचार करता येतो. बाकीच्यांना ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा स्कॅन करण्याचीही गरज नसते.